अणुकचरा, चिकणखडक आणि परभणीची काळी जमीन

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठच्या भारी शिवारांत ज्याने घराचा पाया घातला आहे, त्या परभणीकराला काळ्या जमिनीच्या चंचलतेविषयी निराळे सांगावे लागत नाही. चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मृगाचे दोन पाऊस झाले की त्या मिटतात, जमीन फुगून वर येते, आणि पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीला तिरकी चीर जाते. या उपद्रवाचे मूळ स्मेक्टाइट कुळातील, मुख्यतः माँटमोरिलोनाइट नावाच्या, पापुद्र्यापापुद्र्यांनी रचलेल्या खनिजात आहे. आणि याच खनिजावर व त्याच्या इलाइटादी सगोत्रांवर विसंबून बेल्जियम, फ्रान्स व स्वित्झर्लंड या राष्ट्रांचे शास्त्रज्ञ आपल्या देशांतील सर्वांत घातक कचरा जमिनीच्या पोटात कायमचा ठेवण्याची तजवीज गेली चार-पाच दशके करीत आहेत. जी माती वर्षातून एकदा फुगते व एकदा आकसते, तिच्याच जातीच्या खडकाकडे लक्षावधी वर्षांची जोखीम सोपवायची, यात सकृद्दर्शनी तरी विसंगती दिसते. ती विसंगती कशी उलगडली, आणि त्या उलगड्यातले आपल्या मुलखाला किती लागू पडते, हे पाहण्यासाठी हा आढावा.

प्रथम कचरा कोणता हे निश्चित केले पाहिजे, कारण वर्तमानपत्री वादात कामगारांचे हातमोजे आणि अणुभट्टीतून निघालेले इंधन यांना सर्रास एकाच पंगतीला बसविले जाते. तारापूरला १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, आणि वापरलेले इंधन टाकाऊ न मानता त्यातील प्लुटोनियम व युरेनियम काढून घ्यावे, असे धोरण भारताने आरंभापासून पत्करले. या पुनर्प्रक्रियेनंतर जो तीव्र किरणोत्सारी द्रव उरतो, तो बोरोसिलिकेट काचेत मुरवून पोलादी डब्यांत ओतला जातो, आणि ते डबे तारापूरच्या साठवणगृहात हवेच्या नैसर्गिक प्रवाहावर काही दशके निवत ठेवले जातात. सौम्य कचऱ्यासाठी जमिनीलगतचे काँक्रीटचे चर पुरतात. खोल भूगर्भाचा प्रश्न उपस्थित होतो तो या काचेमुळे, आणि जे देश इंधनावर पुनर्प्रक्रिया करीत नाहीत तेथे त्या अख्ख्या इंधनामुळे.

या काचेतील सीझियम-१३७ व स्ट्राँशियम-९० यांचे अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास असल्यामुळे तीनशे वर्षांत त्यांचा सुमारे हजारावा हिस्सा उरतो. तेवढ्या मुदतीसाठी पहारा आणि दप्तर यांवर विसंबता येईल असे कोणी म्हटले, तर आसफजाही अंमल १७२४ ते १९४८ असा सव्वादोनशे वर्षेच चालला, याची त्याला आठवण द्यावीशी वाटते. परंतु क्षणभर ते मान्य करू. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य २४,१०० वर्षांचे आहे आणि आयोडीन-१२९ चे दीड कोटी वर्षांहून अधिक. या आकड्यांपुढे कोणत्याही सरकारची जमानत अपुरी पडते, आणि म्हणूनच ज्या खडकाने कोट्यवधी वर्षे आपली जागा व आपले पाणी सोडलेले नाही, अशा खडकाचा शोध सुरू झाला. अमेरिकेने न्यू मेक्सिकोतील मिठाच्या थरात लष्करी कचऱ्याचे भांडार १९९९ पासून चालविले आहे. फिनलंडने ओल्किलुओतो येथे स्फटिकमय खडकात चारशे मीटरांहून खोल बोगदे खणून तांब्याच्या डब्यांभोवती बेंटोनाइट ही फुगणारी माती ठासण्याची योजना आखली. मीठ, ग्रॅनाइट आणि चिकणखडक असे हे तीन मुख्य पंथ आहेत, आणि त्यांतील तिसऱ्याचा अभ्यास मला सर्वांत उद्बोधक वाटतो, कारण त्यात खडकाच्या कणखरपणापेक्षा त्याच्या मृदुपणावर भिस्त आहे.

चिकणखडकात पाणी नसते अशी समजूत असेल तर ती सोडावी लागेल. त्यात पाणी भरपूर असते, मात्र ते ज्या रंध्रांत असते ती मीटरच्या अब्जांश भागाच्या मापाची असल्यामुळे तेथून ते वाहू शकत नाही. त्याची जलवाहकता सेकंदाला मीटरच्या अब्जांशाचाही हजारावा हिस्सा, किंवा त्याहून कमी, भरते. अशा स्थितीत विरघळलेला पदार्थ प्रवाहाबरोबर जात नाही, तर केवळ विसरणाने, म्हणजे रेणूंच्या स्वैर हालचालीने, दाट भागाकडून विरळ भागाकडे सरकतो, आणि काही दशक मीटरांची जाडी ओलांडण्यास त्याला लक्षावधी वर्षे लागू शकतात. दुसरा गुण विद्युत्‌भाराचा. खनिजाच्या पापुद्र्यांवर ऋणभार असल्यामुळे ते धनभारित आयन धरून ठेवतात. ज्या गुणाने काळी जमीन पालाश पकडून ठेवते त्याच गुणाने चिकणखडक सीझियमही पकडून ठेवतो, आणि प्लुटोनियमसारखी जड मूलद्रव्ये तर, ऑक्सिजनविरहित पाण्यात मुळातच फारशी विरघळत नसल्यामुळे, डब्याच्या आसपासच अडकून पडतात. तिसरा गुण भेगा बुजविण्याचा: बोगदा खणताना भोवतालच्या खडकाला ज्या चिरा पडतात, त्यांत पाणी शिरताच खनिज फुगते आणि कालांतराने चीर पूर्ववत मिटते. परभणीच्या घराची भिंत फोडणारे फुगणे येथे सर्व बाजूंनी दाबलेल्या अवस्थेत घडत असल्यामुळे त्याला भिंत फोडायला जागाच उरत नाही, आणि तेच बल मोहोर लावण्याचे काम करते.

हे सारे कागदावर सिद्ध करणे एक आणि जमिनीखाली पाहणे दुसरे. बेल्जियमने हे काम सर्वांच्या आधी हाती घेतले, त्याचे कारण बरेचसे लाचारीचे होते. मोल येथील अणुसंशोधन केंद्राच्या पायाखाली जो खडक होता तो सुमारे तीन कोटी वर्षांचा बूम नावाचा मऊ चिकणथर, आणि त्यात बोगदा टिकेल की नाही याचीच अभियंत्यांना शंका होती. १९८० साली जमीन गोठवून विहीर खणण्यास आरंभ झाला आणि २२५ मीटर खोलीवर प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे १९८८ साली ट्रिटियमयुक्त पाणी थरात सोडण्याचा जो प्रयोग सुरू झाला तो दशकानुदशके चालू ठेवण्यात आला, आणि पाण्याचे रेणू गणिताने भाकीत केलेल्या मंद गतीनेच पसरत असल्याचा पडताळा मिळत गेला. एका पिढीने मांडलेल्या प्रयोगाची वाचने दुसरी पिढी घेत आहे, हे आपल्याकडील तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पांच्या तुलनेत लक्षात ठेवण्यासारखे आहे.

स्वित्झर्लंडचा मार्ग वळणाचा होता. नागरा ही संस्था १९७२ साली या कामासाठी स्थापन झाली तेव्हा तिचे लक्ष ग्रॅनाइटाकडे होते. परंतु उत्तरेकडील स्फटिकमय खडक अपेक्षेहून अधिक भंगलेला व गाळखडकांखाली दडलेला निघाला, आणि तिला सुमारे साडेसतरा कोटी वर्षांच्या ओपालिनस चिकणखडकाकडे वळावे लागले. ज्यूरा पर्वतातील माँ तेरी येथे महामार्गाच्या बोगद्याशेजारी १९९६ साली जी प्रयोगशाळा सुरू झाली, तेथे अनेक देशांच्या संस्था एकाच खडकाची परीक्षा घेत आल्या आहेत: तापक पुरून खडक वर्षानुवर्षे तापविला जातो, पोलाद गंजू दिले जाते, बोगद्याची भिंत किती सरकते हे मोजले जाते. पण मला सर्वांत पटणारा पुरावा यांपैकी कोणत्याही प्रयोगातला नसून खडकातल्या जुन्या पाण्यातला आहे. थराच्या मध्यापासून कडांपर्यंत क्लोराइड व हेलियम यांचे प्रमाण कसे बदलते हे तपासले असता ते लक्षावधी वर्षांच्या निव्वळ विसरणाशी जुळते. म्हणजे हिमयुगे आली व गेली, वरचे डोंगर झिजले, तरी त्या थरातून पाणी वाहिले नाही. माणसाने न मांडलेला हा प्रयोग निसर्गाने इतका काळ चालविला, आणि त्याचे दप्तर खडकातच सुरक्षित राहिले.

फ्रान्समध्ये कायदा प्रथम आला. १९९१ च्या अधिनियमाने पंधरा वर्षे संशोधनासाठी राखून ठेवली आणि २००६ साली संसदेने पुन्हा विषय हाती घेऊन, परत काढता येईल अशा खोल साठवणीचा मार्ग मान्य केला. पूर्वेकडील ब्यूर गावाखाली, सुमारे सोळा कोटी वर्षांच्या आणि शंभराहून अधिक मीटर जाडीच्या चिकणखडकात, ४९० मीटर खोलीवर आंद्रा या संस्थेची प्रयोगशाळा आहे. प्रत्यक्ष भांडाराच्या बांधकामाचा परवाना मागणारा अर्ज जानेवारी २०२३ मध्ये दाखल झाला. स्वित्झर्लंडने सप्टेंबर २०२२ मध्ये जर्मन सरहद्दीजवळील नॉर्डलिख लेगर्न ही जागा सुचवली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये परवान्याचा अर्ज केला. नागराच्या स्थापनेपासून अर्जापर्यंत बावन्न वर्षे लागली. बांधकाम अद्याप पुढेच आहे.

प्रयोगांपलीकडे निसर्गाची काही उदाहरणे या शास्त्रात वारंवार साक्षीला बोलावली जातात. कॅनडातील सिगार लेक येथे सव्वाशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे अत्यंत समृद्ध युरेनियमचे धातुक सुमारे ४३० मीटर खोलीवर चिकणमातीच्या वेष्टनात आहे, आणि त्याच्या अस्तित्वाची किरणोत्सारी खूण वर भूपृष्ठावर उमटलेली नाही. इटलीतील दुनारोब्बा येथे दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वीची झाडे चिकणमातीत गाडली गेली आणि त्यांचे लाकूड दगड न होता लाकूडच राहिले. साक्षी चांगल्या आहेत. त्यांच्या उलटतपासणीत एवढेच निघते की धातुकातून उष्णता निघत नाही आणि लाकडातून हायड्रोजन, तर कचऱ्याच्या डब्याबाबत दोन्ही गोष्टी घडतात.

आणि खऱ्या अडचणी तेथेच आहेत. फार तापल्यास खनिजाचे फुगण्याचे सामर्थ्य घटू शकते, म्हणून फ्रेंच आराखड्यात खडकाचे तापमान ९० अंशांच्या आत राखण्याचे बंधन आहे आणि त्यासाठी डबे आधी दीर्घकाळ निववावे व एकमेकांपासून अंतरावर ठेवावे लागतात. पोलाद गंजताना जो हायड्रोजन निर्माण होतो, त्याला इतक्या घट्ट खडकातून सहज वाट मिळत नाही; ज्या गुणासाठी खडक निवडला तोच वायूच्या बाबतीत दोष ठरतो. आयोडीन व क्लोरीन यांचे आयन ऋणभारित असल्यामुळे खनिज त्यांना धरत नाही, आणि सुरक्षेच्या सर्व गणितांत अखेरीस भूपृष्ठाकडे पोहोचणाऱ्यांत हेच अग्रभागी असतात, जरी पोहोचेपर्यंत त्यांची मात्रा नैसर्गिक किरणोत्साराच्या मानाने अल्प राहते असा हिशेब आहे. हिशेब प्रामाणिक आहे असे माझे मत आहे. तथापि तो लक्षावधी वर्षांचा हिशेब असल्यामुळे त्याची रुजुवात कोणी घेणार नाही.

आता परभणीकडे वळू. येथील काळी माती चिकणखडकाच्या खनिजाचीच असली तरी ती चिकणखडक नव्हे. ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाच्या खडकाचे विदारण होऊन बनलेली, फार तर काही मीटर जाडीची, हवा, पाऊस, मुळे आणि नांगर यांच्या सत्तेखालची माती आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतील कालव्यांचे अस्तर का फुटते याचा अभ्यास करताना असे दाखविले होते की ऋतूंबरोबर होणारी फुगण्या-आकसण्याची हालचाल वरच्या सुमारे एक मीटरच्या थरापुरती मर्यादित असते, त्याखालची तीच माती स्वस्थ राहते; आणि त्यावरून कालव्याच्या अस्तराखाली न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना या संशोधनाचे मोल कळेल. आपल्या प्रस्तुत विषयासाठी त्यातला बोध असा की खनिज तेच असले तरी त्याचे वर्तन खोली, दाब आणि ओलाव्याचे स्थैर्य यांवर ठरते. आरंभी म्हटलेली विसंगती येथे संपते.

मातीखाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या आणि काळ्या पाषाणाचे एकावर एक थर, आणि काही थरांच्या सांध्यांत विहीर खणणाऱ्यांना गेरूसारखा लागणारा तांबडा चिकण पट्टा, अशी येथील रचना आहे. हे तांबडे पट्टे चिकणमातीचे असले तरी काही सेंटिमीटरांपासून थोड्या मीटरांपर्यंतच भरतात. ब्यूर किंवा माँ तेरीच्या शंभर मीटरांच्या अखंड थराशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. मग या बेसॉल्टच्या पोटातच जागा करावी काय? हा प्रयत्न अमेरिकेने वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे, आपल्या दख्खनशी बहुतांशी सदृश अशा कोलंबिया नदीच्या बेसॉल्टमध्ये केला होता; १९८६ साली अखेरच्या तीन जागांत त्या जागेची निवडही झाली, पण पुढच्याच वर्षी काँग्रेसने कायदा दुरुस्त करून ती सोडून दिली. लाव्हाच्या दोन प्रवाहांमधील सच्छिद्र थरांतून पाणी वाहते, हा त्या खडकाचा स्वभाव आहे, आणि मराठवाड्यातील प्रत्येक यशस्वी विहीर व बोअर त्याच स्वभावावर जगते.

बोअरचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जागेच्या निवडीत भावी मनुष्याने अजाणता तेथे खणू नये हा एक मान्य निकष आहे, आणि ज्या मुलखात १९७२ च्या दुष्काळानंतर पाण्याच्या शोधात बोअरची खोली दर दशकाला वाढत गेली, ज्याच्या शेजारच्या लातूर शहरास २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेथे या निकषाची पूर्तता कशी होणार? तहानलेला माणूस धोक्याची पाटी वाचून थांबत नाही.

भूकंपांचा दाखला तर याहून बोलका आहे. दख्खनचे पठार अचल आहे ही श्रद्धा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने मोडली. त्यानंतर तेथे ६१७ मीटर खोल बोअर घेण्यात आला तेव्हा बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर भरली, त्याखाली जेमतेम आठ मीटरांचा गाळखडक आणि मग थेट अतिप्राचीन स्फटिकमय पाया. कोयनेकडे हाच बेसॉल्ट सव्वा किलोमीटरच्या घरात जातो, तर नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडे तो संपून ग्रॅनाइट उघडा पडतो. म्हणजे येथे पोटात दडलेला जाड चिकणखडक असेल, ही आशाही या पुराव्याने दुबळी होते. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि परभणी-नांदेडपर्यंत जाणवला. हिंगोली हा १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता, आणि तेथेच औंढा नागनाथजवळ अणुऊर्जा विभाग गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारीत आहे, जिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. वेधशाळेसाठी शांत भूमी शोधणे आणि भांडारासाठी अचल भूमी शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत, वेधशाळेस काही दशकांची शांतता पुरते. तरी एवढ्या काटेकोर पारखीने निवडलेल्या टापूतही जमीन हलते, हे विसरून चालणार नाही.

भारताचा स्वतःचा अभ्यास चिकणखडकाचा कधी फारसा नव्हता. १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या सोडून दिलेल्या भागात सुमारे हजार मीटर खोलीवर तापक पुरून खडकाची परीक्षा झाली, आणि पुढे लक्ष ग्रॅनाइटाकडे, विशेषतः राजस्थानकडे, गेले. तथापि ग्रॅनाइटाला भेगा असतात, आणि त्या भेगांपासून डब्याला वाचविण्यासाठी त्याच्याभोवती फुगणारी माती ठासावीच लागते. त्यासाठी कच्छ व बारमेर येथील स्मेक्टाइटयुक्त मातींची तपासणी भारतीय शास्त्रज्ञांनी केली आहे. कच्छचे बेंटोनाइट दख्खनच्या ज्वालामुखीय खडकांशी निगडित आहे, म्हणजे ते परभणीच्या काळ्या मातीचे नातलगच. परभणीत १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, जे आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते, आणि नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था यांच्यापाशी फुगणाऱ्या मातीचा, तिच्यातील सोडियम-कॅल्शियमच्या विनिमयाचा, ती केव्हा पाणी सोडते व केव्हा अडविते याचा जो दीर्घ अनुभव आहे, तो या कामात अणुशास्त्रज्ञांना उपयोगी पडू शकेल. माझ्या मते परभणीचा या प्रश्नाशी खरा संबंध जागा म्हणून नसून विद्या म्हणून आहे.

राहिला संमतीचा प्रश्न, आणि तो खडकाच्या प्रश्नाहून अवघड आहे. स्वित्झर्लंडमध्ये निडवाल्डन प्रांताच्या मतदारांनी वेलनबर्गची जागा १९९५ आणि २००२ अशी दोनदा फेटाळली. नंतरच्या कायद्याने प्रांतांचा नकाराधिकार काढून घेतला, परंतु राष्ट्रीय मतदानाची वाट मोकळी ठेवली. ब्यूरमध्ये आंदोलने झाली व होत आहेत. आपल्याकडे २०१२ साली कुडनकुलमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे कोलारच्या खाणींचा भांडाराची जागा म्हणून नुसता उल्लेख झाला तेव्हा कोलारात निषेध उसळला आणि सरकारला घाईने खुलासा करावा लागला. लोकांना आधी काही सांगितले नव्हते, हाच त्या प्रसंगातील दोष होता. खडक चांगला होता की वाईट, हा विषय चर्चेला आलाच नाही. ज्या राज्यात तारापूर आणि तुर्भे आहेत, त्या राज्यातील जनतेला हा कचरा पुढे कोठे जाणार हे विचारण्याचा हक्क आहे, आणि तो कोठेही जाऊ नये असे म्हणण्याचा हक्क, वीज वापरल्यानंतर, काहीसा दुबळा होतो.

परभणी जिल्ह्यापुरता माझा निष्कर्ष असा की येथे भांडारास योग्य चिकणखडक नाही, बेसॉल्ट पाण्याने भेदलेला आहे, आणि भूकंपाचा पूर्वेतिहास अनुकूल नाही. त्यामुळे अशी तजवीज कधी कागदावर आली तर तिला हरकत घेण्यास भूशास्त्राचा आधार पुरेसा आहे. मात्र ही हरकत प्रत्येक जिल्ह्याने अफवेच्या आधारे घ्यावी असे होऊ नये, यासाठी जागानिवडीचे निकष आणि आजवर झालेल्या पाहणीचे अहवाल अणुऊर्जा विभागाने मराठीसह देशी भाषांत प्रसिद्ध करावेत, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या दप्तरी पडलेल्या खोल बोअरच्या नोंदी अभ्यासकांना खुल्या कराव्यात, अशी विनंती येथे करीत आहे.